येशू होऊन गेला का? एका जुन्या वादाचा आढावा

प्रश्न कोणता आणि कोणता नाही

येशू ख्रिस्ताच्या नावाने नंदुरबार जिल्ह्यात होणारे वाद नवे नाहीत. धर्मांतर, प्रार्थनास्थळांच्या जागा, धर्म बदललेल्या आदिवासींच्या सवलती यांवर इथे वर्षानुवर्षे तोंडे वाजत आली आहेत. २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात नवापूर भागातल्या अनधिकृत चर्चचा विषय विधानसभेतही निघाला. या सगळ्या भांडणात दोन्ही बाजूंनी एक गोष्ट मात्र न बोलता मान्य केलेली असते : येशू नावाचा माणूस दोन हजार वर्षांपूर्वी पॅलेस्टाइनमध्ये होऊन गेला. तो देवाचा पुत्र होता की नव्हता आणि त्याच्या शिकवणीने इथे पाय रोवावेत की नाही, एवढ्यावरच मतभेद असतो.

अभ्यासाच्या जगात हे गृहीतकही तपासले गेले आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून काही विद्वान म्हणत आले की येशू ही व्यक्ती नव्हतीच. आधी एक श्रद्धा होती आणि तिला मागाहून चरित्र मिळाले. बहुसंख्य इतिहासकारांना हे पटलेले नाही, तरी वाद अधूनमधून डोके वर काढतो. गेल्या पंधरावीस वर्षांत तो पुन्हा रंगला आहे. त्याची आजची स्थिती काय, हे पाहण्याचा हा प्रयत्न.

सुरुवातीलाच तीन प्रश्न वेगळे करायला हवेत. येशू नावाची व्यक्ती होती का, हा पहिला. असल्यास तिच्या आयुष्याविषयी खात्रीने काय सांगता येते, हा दुसरा. ती व्यक्ती ईश्वराचा अवतार होती का, हा तिसरा. पहिले दोन इतिहासाच्या कक्षेत येतात, तिसरा येत नाही. या विषयावरचे बरेचसे लेखन एका प्रश्नाचा पुरावा दुसऱ्याच्या खात्यावर जमा करते. श्रद्धावान माणूस येशूच्या अस्तित्वाचा पुरावा देतो आणि देवत्व सिद्ध झाले असे मानतो. टीकाकार चमत्कार खोडून काढतो आणि माणूसच नव्हता असे म्हणून मोकळा होतो. दोन्ही उड्या सारख्याच चुकीच्या.

स्थानिक पार्श्वभूमी

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झालेला नंदुरबार जिल्हा हा पूर्वीच्या पश्चिम खानदेशचा भाग. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या १६ लाख ४८ हजार होती आणि तीत सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे. फ्रेडरिक फ्रॅन्सन यांनी १८९० मध्ये शिकागोत सुरू केलेल्या स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनचे काम विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पश्चिम खानदेशात आले. नवापूर तालुक्यातल्या चिंचपाड्याचे ख्रिस्ती रुग्णालय याच परंपरेतले. मावची आणि वसावी बोलींत नव्या कराराचे भाषांतरही झाले आहे. त्यामुळे येशूची कथा इथल्या पाड्यांवर ग्रंथालयातून आलेली नाही. ती दवाखाना, शाळा आणि रविवारची प्रार्थना या वाटेने आली. ज्याच्या नावाने आजारी माणसासाठी प्रार्थना होते, तो होऊन गेला का असा प्रश्न तिथे कोणाला पडण्याचे कारण नव्हते.

युरोपातला उगम

प्रश्न निघाला तो युरोपात, ज्ञानोदयाच्या काळात. हॅम्बुर्गच्या रायमारुस यांची हस्तलिखिते त्यांच्या मृत्यूनंतर लेसिंगने १७७४ पासून छापली. इतिहासातला येशू आणि चर्चच्या उपदेशातला ख्रिस्त वेगळे करावे लागतील, हे त्यांतून पहिल्यांदा ठसठशीतपणे पुढे आले. रायमारुस यांना येशूच्या अस्तित्वाविषयी शंका नव्हती. ती घेतली फ्रान्समध्ये व्होल्ने (१७९१) आणि द्युपुई (१७९५) यांनी. त्यांच्या मते ख्रिस्त हे सूर्यपुराणाचेच एक रूप.

पुढे १८३५ मध्ये डेव्हिड स्ट्राउस यांनी शुभवर्तमानांतल्या, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रांतल्या, चमत्कारकथा मिथक म्हणून वाचल्या, पण मागे एक माणूस होता हे त्यांनी मान्य केले. ब्रूनो बावर यांनी तेही नाकारले. बॉन विद्यापीठातली त्यांची नोकरी त्याआधीच, १८४२ मध्ये गेली होती. १९०९ मध्ये आर्थर ड्रेव्ज यांचे ‘ख्रिस्तमिथक’ हे जर्मन पुस्तक आले आणि पुढच्याच वर्षी बर्लिनमध्ये या विषयावर जाहीर वादसभा भरल्या. अल्बर्ट श्वाइट्झर यांनी १९०६ साली येशूच्या चरित्रांचा झाडा घेतला होता. प्रत्येक चरित्रकाराला येशूत आपलेच रूप दिसले, असा त्यांचा निष्कर्ष होता. तरीही १९१३ च्या आवृत्तीत त्यांनी अस्तित्व नाकारणाऱ्यांना सविस्तर उत्तर दिले. सोव्हिएत रशियात ‘येशू नव्हताच’ ही अधिकृत शिकवण झाली आणि त्यामुळे पश्चिमेत हा पक्ष काही काळ राजकीय संशयाने पाहिला गेला.

मराठीतली वाट निराळी

मराठीत येशूचे चरित्र फार लवकर आले. फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात छापले गेले, तेही ओवीछंदात. वाद मात्र एकोणिसाव्या शतकात पेटला. १८३१ मध्ये मोरभट दांडेकर आणि मिशनरी जॉन विल्सन यांची मुंबईत जुगलबंदी झाली. १८५७ मध्ये विष्णुबुवा ब्रह्मचारी यांनी समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी जाहीर वाद घातले. जॉर्ज बोएन यांनी ते इंग्रजीत छापले. १८४२ पासून निघणाऱ्या ‘ज्ञानोदय’मध्ये या चर्चा वर्षानुवर्षे चालल्या. महात्मा फुले यांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’त येशूला बळीराजाच्या पंक्तीत बसवले.

या साऱ्या लेखनात येशूचे अस्तित्व कोणीच नाकारलेले नाही. दांडेकर आणि विष्णुबुवा यांचा रोख चमत्कार, प्रायश्चित्त आणि एकमेव तारणहार या दाव्यांवर होता. हिंदू वादपटूंना येशू होऊन गेला हे मान्य करायला अडचण नव्हती. ज्या परंपरेत अवतार आणि संत दोन्ही आहेत, तिथे आणखी एक सत्पुरुष सहज सामावतो. अडचण ‘एकमेव’ या शब्दाची होती.

नाकारण्याऐवजी मराठीत घडले ते आपलेसे करणे. गणेश दामोदर ऊर्फ बाबाराव सावरकर यांचे ‘ख्रिस्तपरिचय अर्थात ख्रिस्ताचे हिंदुत्व’ हे पुस्तक त्यांच्या निधनानंतर १९४६ मध्ये प्रसिद्ध झाले आणि २०१६ मध्ये मुंबईत त्याची नवी आवृत्ती निघाली. येशू जन्माने तमिळ हिंदू होता, वधस्तंभावरून वाचून तो हिमालयात आला आणि काश्मीरात समाधिस्थ झाला, असे त्यात मांडले आहे.

काश्मीरच्या कथेला दोन जुने आधार आहेत. निकोलाय नोटोविच या रशियन प्रवाशाने १८९४ मध्ये लडाखच्या हेमिस मठात येशूचे अज्ञात चरित्र सापडल्याचे जाहीर केले. मॅक्स म्यूलर यांनी त्यावर लगेच शंका घेतली आणि दुसऱ्या वर्षी हेमिसला गेलेल्या डग्लस यांना तिथल्या मुख्य लामांनी असा ग्रंथ नसल्याचे सांगितले. दुसरा आधार श्रीनगरच्या खानयार भागातली रोजाबल दर्गा. तिथली कबर येशूची आहे, असे अहमदिया पंथाचे संस्थापक मिर्झा गुलाम अहमद यांनी मांडले. ज्याची ही कबर म्हणतात त्या यूझ आसफची कथा मुळात बुद्धचरित्राच्या पश्चिमेकडे गेलेल्या आवृत्तीतून आल्याचे अभ्यासक दाखवतात. भारतातल्या वाचकांमध्ये ही मते लोकप्रिय असली, तरी इतिहासाच्या संशोधनात त्यांना स्थान मिळालेले नाही. त्यांचा सगळा पुरावा घटनेनंतर कित्येक शतकांनी तयार झालेला आहे.

साधने काय आहेत

अस्सल कागदपत्रांवर भर देणाऱ्या इतिहासकार राजवाड्यांच्या वळणाचा मराठी वाचक साहजिकच विचारेल : अस्सल कागद कुठे आहे? येशूचा समकालीन कागद एकही नाही. त्याने स्वतः काही लिहिले नाही, त्याच्या हयातीतला शिलालेख किंवा सरकारी नोंद मिळालेली नाही. हे दोन्ही पक्षांना मान्य आहे. वाद पुढच्या साधनांवर आहे.

सर्वांत जुनी साधने म्हणजे ख्रिस्ती पंथाचा आरंभीचा प्रचारक पौल याची पत्रे. त्याच्या नावावरच्या पत्रांपैकी सात निर्विवाद त्याची मानली जातात आणि ती सुमारे इ.स. ५० ते ६० या दशकातली आहेत. त्यानंतर शुभवर्तमाने : मार्क सुमारे ७० च्या आसपास, मत्तय आणि लूक त्यानंतर दहावीस वर्षांनी, योहान शतकाच्या अखेरीस. मत्तय आणि लूक यांनी मार्कची सामग्री उचललेली असल्याने चार ग्रंथ म्हणजे चार स्वतंत्र साक्षी नव्हेत. योहानच्या शुभवर्तमानाचा तळहाताएवढा एक पपायरस तुकडा मँचेस्टरच्या जॉन रायलंड्स ग्रंथालयात आहे. तो साधारण दुसऱ्या शतकातला समजतात.

ख्रिस्ती नसलेल्या लेखकांत दोन महत्त्वाचे. रोमन इतिहासकार टॅसिटस याने सुमारे ११६ मध्ये लिहिताना ६४ सालची रोमची आग आणि निरोने ख्रिस्ती लोकांवर घेतलेला आळ सांगितला आहे. त्या ओघात, या पंथाच्या मूळपुरुषाला सम्राट तिबेरियसच्या कारकिर्दीत रोमन अधिकारी पंतय पिलाताने देहदंड दिला, असे तो नोंदवतो. यहुदी इतिहासकार जोसेफस याच्या सुमारे ९३ सालच्या ग्रंथात येशूचे दोन उल्लेख आहेत. पहिला ख्रिस्ती नकलकारांनी वाढवलेला आहे, यावर जवळजवळ सर्वांचे एकमत आहे. त्यात मूळचा काही गाभा होता की सगळाच प्रक्षेप आहे, यावर मात्र नाही.

दुसरा उल्लेख अधिक निर्णायक ठरतो, म्हणून तो जवळून पाहण्यासारखा आहे. साल ६२. यहुदियाचा रोमन अधिकारी फेस्त वारला आहे आणि नवा अधिकारी आल्बिनुस अजून वाटेत आहे. या मोकळ्या वेळेचा फायदा घेऊन मुख्य याजक अनानुस न्यायसभा बोलावतो आणि याकोब नावाच्या माणसाला दगडमार करवतो. नगरातल्या काही कायदाप्रेमी लोकांना हे रुचत नाही, तक्रार होते आणि अनानुसचे पद जाते. जोसेफसचे लक्ष आहे ते अनानुसच्या बेकायदा वागण्यावर. याकोब कोणता, हे कळावे म्हणून तो एवढेच सांगतो की ज्याला ख्रिस्त म्हणतात त्या येशूचा तो भाऊ. जाता जाता आलेल्या अशा उल्लेखात भक्तीचा लवलेश नाही, म्हणून इतिहासकार त्याला वजन देतात. येशूचे अस्तित्व नाकारणारे रिचर्ड कॅरियर यांचे म्हणणे वेगळे आहे. अनानुसनंतर मुख्य याजक झालेला दम्नेयाचा मुलगाही येशूच होता. मूळ मजकुरात त्याच्याच भावाची गोष्ट असावी आणि ‘ख्रिस्त’ हा शब्द समासातून आत शिरला असावा, असे ते मानतात. हा तर्क बहुतेकांनी स्वीकारलेला नाही. मात्र येशू हे नाव त्या काळी किती सर्रास होते, हे त्यातून दिसते.

उत्खननांनी परिसर पक्का केला, व्यक्ती नाही. १९६१ मध्ये कैसरियात पिलाताचे नाव कोरलेला दगड सापडला. १९९० मध्ये यरुशलेमजवळ येशूच्या खटल्यातला मुख्य याजक कयफा याच्या घराण्याच्या अस्थिपेट्या मिळाल्या. २००२ मध्ये गाजलेल्या ‘याकोबाच्या अस्थिपेटी’वरचा, येशूच्या भावाचे नाव सांगणारा लेख अस्सल आहे का, याचा निकाल अजून लागलेला नाही. तिच्या मालकावरचा बनावटीचा आरोप न्यायालयात सिद्ध झाला नाही, पण म्हणून लेख अस्सल ठरतो असेही नाही.

पहिला पक्ष : माणूस होता

विद्यापीठांतले बहुसंख्य अभ्यासक, त्यांत ख्रिस्ती, यहुदी आणि निरीश्वरवादी सगळेच, या पक्षाचे आहेत. २०१२ मध्ये बार्ट एर्मन आणि २०१४ मध्ये मॉरिस केसी यांनी ही बाजू सविस्तर मांडली. दोघेही श्रद्धावान ख्रिस्ती नव्हेत.

त्यांचा पहिला आधार पौल. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात तो आपण यरुशलेमला जाऊन केफाला, म्हणजे पेत्राला, आणि प्रभूचा भाऊ याकोब याला भेटल्याचे सांगतो. हे तो अभिमानाने सांगत नाही. उलट आपण यरुशलेमच्या मंडळींवर अवलंबून नव्हतो हे त्याला दाखवायचे आहे, म्हणून भेटी मोजून मापून, जवळजवळ नाइलाजाने नोंदवतो. ज्याच्या सख्ख्या भावाला पौल भेटला, तो माणूस काल्पनिक कसा, असा हा युक्तिवाद आहे.

दुसरा आधार अडचणीच्या तपशिलांचा. यहुदी लोक ज्याची वाट पाहत होते तो मशीहा, म्हणजे तारणारा, विजयी राजा असणार होता. वधस्तंभावर मेलेला मशीहा कोणी आपणहून रचणार नाही. येशूने योहान नावाच्या दुसऱ्या उपदेशकाकडून (शुभवर्तमानकार योहान नव्हे) बाप्तिस्मा घेतला, याचाही पंथाला संकोच होता आणि नंतरच्या शुभवर्तमानांत तो प्रसंग सावरून घेतलेला दिसतो. मशीहा बेथलेहेमचा असायला हवा होता, पण येशू गालीलातल्या नासरेथ या किरकोळ खेड्याचा. मत्तय आणि लूक यांनी त्याला बेथलेहेममध्ये जन्माला घालण्यासाठी दोन परस्परविसंगत कथा सांगितल्या. पात्र मनाचेच असते, तर ते सरळ बेथलेहेमचेच केले असते.

दुसरा पक्ष : माणूस नव्हता

दुसऱ्या पक्षाची आजची मांडणी मुख्यतः अर्ल डोहर्टी, रॉबर्ट प्राइस आणि कॅरियर यांची. द्युपुईंच्या सूर्यपुराणापेक्षा ती बरीच सूक्ष्म आहे.

पौल येशूच्या मृत्यूबद्दल आणि पुनरुत्थानाबद्दल पानेच्या पाने लिहितो. पण येशूच्या दृष्टांतांचा, चमत्कारांचा, गालीलचा किंवा पिलाताचा उल्लेख पौलाच्या निर्विवाद पत्रांत नाही. आपल्याला जे कळले ते शास्त्रांतून आणि साक्षात्कारातून, असे तो सांगतो. यावरून, पौलाचा ख्रिस्त आधी स्वर्गीय पुरुष होता आणि मार्कने त्याला जमिनीवर आणले, असा निष्कर्ष हा पक्ष काढतो. वधस्तंभाच्या प्रसंगातले बारकावे जुन्या करारातल्या बाविसाव्या स्तोत्रातून आणि यशया या ग्रंथातल्या दुःख सोसणाऱ्या सेवकाच्या वर्णनातून उचललेले दिसतात. मरून पुन्हा उठणारे देव त्या भूमध्य जगात ओळखीचे होते. प्रभूचा भाऊ म्हणजे सख्खा भाऊ नसून पंथातला बंधू, असा त्यांचा याकोबाविषयीचा खुलासा आहे. कॅरियर यांनी २०१४ मध्ये संभाव्यतेचे गणित मांडले. येशू खरा असण्याची शक्यता त्यांच्या हिशेबाने फार तर तिनात एक.

पहिल्या पक्षाचे उत्तर असे की पौलाची पत्रे चरित्र सांगायला लिहिलेली नाहीत, मंडळ्यांची भांडणे मिटवायला लिहिलेली आहेत. येशू स्त्रीपोटी जन्मला, दावीदाच्या वंशातला होता आणि पकडला गेला त्या रात्री त्याने भाकर मोडली, एवढे त्यांत आहेच. पंथात सगळेच बंधू असतील, तर केफाला सोडून एकट्या याकोबाला ‘प्रभूचा भाऊ’ का म्हणावे, याचे पुरते समाधान दुसऱ्या पक्षाकडून झालेले नाही.

मधली भूमिका

दोघांच्या मध्ये उभे राहणारेही आहेत. जी. ए. वेल्स यांनी १९७० च्या दशकात अस्तित्व नाकारले होते. १९९० च्या दशकात त्यांनी मत बदलून गालीलातल्या एका उपदेशकाची आठवण शुभवर्तमानांच्या मुळाशी असल्याचे मान्य केले. पौलाचा ख्रिस्त मात्र त्यांना वेगळाच वाटत राहिला. काहींना वाटते की शंकेला विद्यापीठात मानाची जागा मिळाली तर विषयाचे भलेच होईल. त्यांच्या म्हणण्याला एक वजनदार आधार आहे : अडचणीच्या तपशिलांचा निकष आणि त्याच्यासारखे इतर निकष गेल्या काही वर्षांत येशूचे अस्तित्व मानणाऱ्या अभ्यासकांनीच कच्चे ठरवले आहेत. कोणती गोष्ट कोणाला अडचणीची वाटली असेल, हे दोन हजार वर्षांनी आपण ठरवणार कसे?

आपल्या ओळखीचे नमुने

या प्रकारचा वाद मराठी वाचकाला परका नाही. १८९८-९९ च्या सुमारास शिवराम एकनाथ भारदे यांनी ‘भारद्वाज’ या नावाने ‘सुधारक’मध्ये ज्ञानदेव एक नसून दोन असल्याचे मांडले आणि त्यावर बरेच वादंग झाले. एमिल सेनार यांनी १८७५ मध्ये बुद्धाचे चरित्र सूर्यकथा म्हणून वाचले होते. १८९६ मध्ये लुंबिनीचा अशोकस्तंभ सापडल्यावर त्या मताचा जोर ओसरला. शुभवर्तमानांसारखी रचना तर मराठीच्या पहिल्या गद्यग्रंथातच आहे. चक्रधर निघून गेल्यावर म्हाइंभटांनी त्यांच्या सहवासातल्या माणसांना गाठून आठवणी गोळा केल्या आणि ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. त्यात चमत्कारही आहेत. पण म्हणून चक्रधर नव्हते, असे कोणी म्हणत नाही.

सातपुड्याच्या परिसरातली दोन उदाहरणे मात्र थेट या वादाच्या मर्मावर बोट ठेवतात. तळोदा तालुक्यातल्या मोरवडचे गुला महाराज, ज्यांना पुष्कळजण गुलाम महाराज म्हणतात, यांनी १९३७-३८ मध्ये दारूबंदीची आणि शुद्ध आचरणाची चळवळ उभारली. सोमवारच्या आरतीला हजारो भिल्ल जमू लागले. १९३८ मध्ये महाराज वारले. त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी काम पुढे नेले आणि सरकारने त्यांच्यावर हद्दपारीची कारवाई केली. ‘आप की जय’ म्हणणाऱ्या अनुयायांचा परिवार आजही आहे आणि त्यांच्या लेखी महाराज केवळ सुधारक नाहीत. खेड्यातला उपदेशक, अल्प काळाचे कार्य, मृत्यू, भावाकडे आलेले नेतृत्व, सरकारचा संशय आणि वाढत गेलेली भक्ती : पहिला पक्ष येशूविषयी जे सांगतो, त्याचा हा आपल्या डोळ्यांदेखतचा नमुना.

दुसरे उदाहरण १९२२ चे. पालघरच्या किनाऱ्यावर कोळ्यांमध्ये सुरू झालेली सलाबाई देवीची चळवळ डोंगरपट्ट्यातून नवापूरला लागून असलेल्या तेव्हाच्या सुरत जिल्ह्याच्या आदिवासी भागात पोचली. डेव्हिड हार्डिमन यांनी १९८७ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिले. मांडवात बसलेल्या माणसांच्या अंगात देवी येई आणि त्यांच्या तोंडून आज्ञा देई : दारू-ताडी सोडा, रोज आंघोळ करा, पारशी दारूवाल्यांकडे कामाला जाऊ नका. हजारोंचे आयुष्य त्याने बदलले. या चळवळीच्या मुळाशी कोणी सलाबाई नावाची बाई नव्हती. साक्षात्कारातून बोलणारी दैवी शक्ती माणसाशिवाय मोठा पंथ उभा करू शकते, हे दुसऱ्या पक्षाचे म्हणणे इथे खरे ठरते. पुढे तर देवीच्या आज्ञांत गांधींचे नाव आले आणि विहिरीत गांधी चरखा चालवताना दिसतात, अशी वार्ता पसरली. गांधी तेव्हा हयात होते, येरवड्याच्या तुरुंगात होते. म्हणजे खरा माणूस काही महिन्यांत दंतकथेत शिरतो, हेही याच चळवळीत दिसते.

या उदाहरणांनी निकाल लागत नाही, पण एक गोष्ट स्पष्ट होते. माणसाचा देव होणे आणि देवाला माणसाचे चरित्र मिळणे, दोन्ही प्रक्रिया शक्य आहेत. तेव्हा ‘असे घडूच शकत नाही’ हा युक्तिवाद दोन्ही पक्षांनी सोडून द्यायला हवा. निवाडा करायचा तो त्या त्या ठिकाणच्या साधनांवर. गुला महाराजांच्या बाबतीत गाव, भाऊ आणि सरकारशी आलेला संघर्ष हाती लागतो. सलाबाईच्या बाबतीत यांतले काही लागत नाही. येशूच्या बाबतीत नासरेथ, याकोब आणि पिलात हे तीन धागे लागतात. धागे बारीक आहेत, पण आहेत.

काय अनिर्णित आहे

अस्तित्व मान्य केले तरी चरित्राचा बराच भाग धूसरच राहतो. मत्तय म्हणतो येशू हेरोद राजाच्या काळात जन्मला, हेरोद इ.स.पू. ४ मध्ये वारला. लूक जन्माची सांगड रोमन अधिकारी क्विरीनियच्या जनगणनेशी घालतो, ती इ.स. ६ ची. मृत्यूचे साल ३० की ३३, यावर एकमत नाही. वधस्तंभाचा दिवस वल्हांडण या यहुदी सणाचा होता की आदल्या दिवसाचा, यावर मार्क आणि योहान यांच्यात फरक आहे.

तो होता कोण, यावर तर मतांचा बाजारच आहे. श्वाइट्झरपासून एर्मनपर्यंत अनेकांना तो जगाचा अंत जवळ आला असे सांगणारा संदेष्टा वाटतो. गेझा व्हर्मेश यांनी १९७३ मध्ये त्याला गालीलातल्या यहुदी सत्पुरुषांच्या परंपरेत बसवले. जॉन डॉमिनिक क्रॉसन यांना तो शेतकऱ्यांमधला समतावादी शिक्षक दिसतो. येशूची वचने मतदानाने पारखण्यासाठी १९८५ मध्ये स्थापन झालेल्या ‘जीझस सेमिनार’ने बहुतेक वचने त्याची नसल्याचा कौल दिला, ती पद्धतही टीकेतून सुटली नाही.

मराठीतली उणीव वेगळी आहे. आपल्याकडे बायबलची उत्तम भाषांतरे आहेत. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ त्यांत ठळक. ख्रिस्ती साहित्याची मोठी परंपरा आहे, खंडनाचीही आहे. पण टॅसिटस, जोसेफस आणि पौल समोर ठेवून दोन्ही पक्षांना समान न्याय देणारे स्वतंत्र मराठी पुस्तक मिळणे कठीण आहे. त्यामुळे वाचक एक तर प्रवचनावर अवलंबून राहतो, नाही तर काश्मीरच्या कथेवर.

आजचा ताळेबंद

उपलब्ध साधनांवरून एवढे म्हणता येते : गालीलातला येशू नावाचा यहुदी उपदेशक होऊन गेला, त्याने योहानाकडून बाप्तिस्मा घेतला, त्याच्याभोवती शिष्य जमले आणि पिलाताच्या अमलात त्याला वधस्तंभावर मारण्यात आले, ही शक्यता दुसऱ्या कोणत्याही शक्यतेपेक्षा बळकट आहे. खात्री शंभर टक्के नाही; प्राचीन काळातल्या सामान्य माणसाबद्दल ती क्वचितच मिळते. ‘नव्हताच’ म्हणणाऱ्यांनी साधने अधिक काटेकोरपणे वाचायला भाग पाडले, हे त्यांचे योगदान मान्य करावे लागेल. याकोबाचा पेच त्यांना सुटलेला नाही, हेही तितकेच खरे.

नंदुरबारपुरते सांगायचे तर या निष्कर्षाने तिथला एकही चालू वाद मिटत नाही. चर्चची जागा अधिकृत आहे का, हे सात-बाऱ्यावर ठरेल आणि सवलतींचा प्रश्न कायद्याने सुटेल. येशू होऊन गेला म्हणून त्याचा धर्म कोणाला बंधनकारक होत नाही आणि नव्हता असे ठरले तरी चिंचपाड्याच्या रुग्णालयात झालेले उपचार खोटे ठरत नाहीत. वाचकाला विनंती एवढीच की या विषयावर कोणी ठाम बोलू लागले, तर आधी विचारावे : तीनपैकी कोणत्या प्रश्नाचे उत्तर देता आहात? आणि जिल्ह्यातल्या अभ्यासकांनी एक काम तातडीने हाती घ्यावे. गुला महाराजांच्या चळवळीच्या आठवणी सांगणारी शेवटची पिढी अजून काही पाड्यांवर असेल. त्या आठवणी नाव, गाव आणि तारखेसह आजच लिहून ठेवाव्यात.